कात्रीबाईंचं अवांतर

कात्रीबाईंना हे नाव कुणी तोंडावर दिलेलं नव्हतं. तोंडावर बोलायची छाती नसते, म्हणूनच माणसं मागून नावं ठेवतात. पण बाईंचे कान तिखट. शिवणाच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्यांचा एक मंच त्या इंटरनेटवर चालवत, आणि तिथले सभासद आपल्याला मागे काय म्हणतात हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. राग यायचा तो काही आला नाही. यजमानांना त्या म्हणाल्या, "कात्री तर कात्री. बोथट तर नाही ना म्हणाले?"

आणि नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. मशिनीचा बिघाड सांगता सांगता कुणी घरचं रडगाणं, हवापाणी, मेहुण्याचा आगाऊपणा असलं काही लिहिलं, की तासाभरात तेवढं वाक्य तिथून उडायचं आणि खाली बारीक अक्षरांत उमटायचं : 'अवांतर मजकूर काढला आहे.' माणूस कितीही जुना असो, कितीही मानाचा असो, एक घाव दोन तुकडे.

बाईंचं दुकान एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली होतं. छत तिरकं. दाराशी माणूस उभा राहू शकायचा, मधोमध वाकायचा, आणि पार आतल्या टोकाला फक्त मशिनी बसायच्या. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याखाली तिथं टांगायच्या हत्याराची आकृती शाईनं काढलेली. एखादा स्क्रू ड्रायव्हर जागेवर नसला की भिंतीवर त्याची रिकामी आकृती दिसायची, आणि ती दिसली की बाईंना घास गोड लागायचा नाही. एकसष्टाव्या वर्षीही त्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या आणि हे गिऱ्हाइकाला ऐकवायची एकही संधी सोडायच्या नाहीत.

हा सगळा काटेकोरपणा कारखान्यातला. बाई एकोणिसाव्या वर्षी कपड्यांच्या कारखान्यात लागल्या, तिसऱ्या रांगेत, सातव्या मशिनीवर. दोनशे मशिनींना मेकॅनिक एक, आणि तो स्वतःला संस्थानिक समजणारा. मशीन बंद पडली की त्याला हाक मारायची, तो आपला चहा संपवून यायचा, तोवर अख्खी रांग तुंबायची आणि बोलणी बसायची ती मशिनीवरच्या बाईला. सहा महिने ऐकून घेतल्यावर एक दिवस बाईंनी केसातली पिन काढली आणि अडकलेला दोरा स्वतःच सोडवला. मग झाकण उघडायला शिकल्या. मग तेल कुठं मुरतं आणि पाणी कुठं मुरतं, दोन्ही कळायला लागलं. दहा वर्षांनी संस्थानिक निवृत्त झाला, तेव्हा सुपरवायझरनं हत्यारांची पेटी बाईंपुढे ठेवली. कौतुकानं नव्हे, दुसरं कुणी मिळेना म्हणून. बाईंनी ती उचलली आणि कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, दुसऱ्याच्या हातात जाऊ दिली नाही.

त्या काळात त्यांनी एक गोष्ट पक्की केली. मशीन बिघडली की मशिनीवरची बाई भरभरून बोलते, पण कामाचं सांगत नाही. तिला विचारावं काय झालं, तर ती सुरुवात करते नणंदेपासून. म्हणून बाईंनी तीन प्रश्न ठरवले. मशीन कुठली? होतंय काय? तू काय करून पाहिलंस? बाकीचं जेवणाच्या सुट्टीत. या तीन प्रश्नांवर दोनशे मशिनी धावत राहिल्या, आणि पुढं भाचीनं त्यांना मंच काढून दिला तेव्हा त्याच्या माथ्यावरही हेच तीन प्रश्न लागले.

मंचाला अकरा वर्षं झाली होती. एकोणीसशे सभासद, कुठल्या कुठल्या गावांत पसरलेले. विभाग चार : घरच्या मशिनी, कारखान्याच्या मशिनी, मोटारी, आणि जुन्या मशिनी. एका मशिनीला एक धागा, म्हणजे एक चर्चा, दोन मशिनींची खिचडी नाही. भाची गमतीनं म्हणायची, "मावशी, तुझ्या मंचावर माणसांना शिंक आली तरी बाहेर जाऊन द्यावी लागते." बाई म्हणायच्या, "द्यावी. परत यावं. दार उघडंच आहे."

तर अशा या मंचावर एका सकाळी मास्तरांनी बॉम्ब टाकला.

मास्तर म्हणजे शिवणकामाच्या एका प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेले शिक्षक, दूरच्या गावचे. माणूस गोड, अक्षर गोड, आणि अशा माणसांशीच भांडण अवघड जातं. त्यांनी लिहिलं होतं : 'बाई, पूर्वी महिन्याला तीनशे धागे निघत, आता शंभर निघतात. माणसं येतात, काम उरकतात, जातात. बसावंसं वाटत नाही. आपण चार नवे विभाग काढू या. गप्पा, घरदार, तब्येतपाणी आणि विनोद. मशिनींच्या विभागांना धक्काही लागणार नाही.'

बाईंनी हातातली बॉबिन खाली ठेवली आणि उत्तर ठोकलं : 'मास्तर, दवाखान्यात न्हाव्याची खुर्ची मांडली म्हणून रोगी वाढत नाहीत.'

मास्तरांचं उत्तर पाच मिनिटांत हजर : 'पण वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं तरी ठेवतात, बाई.'

या बाकड्याला दुपारपर्यंत नव्वद जणांनी वाहवा दिली. बाईंना ते फार झोंबलं. त्यांनी जाहीर करून टाकलं की मतदान घेऊ, पंधरा दिवसांचं, आणि बहुमत होईल ते मी मुकाट पाळीन. जाहीर केलं आणि घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "शेंडी तुटो की पारंबी तुटो, हे विभाग मी होऊ देणार नाही."

यजमान टपाल खात्यात पत्रं वर्गवार लावायचं काम करून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं खणांपुढे उभं राहिलेला माणूस. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं.

"अगं, आमच्याकडं ज्या पत्राला कुठलाच खण लागत नाही, त्याच्यासाठीही एक खण होता."

"म्हणजे तुम्ही मास्तरांच्या बाजूचे!"

"मी कुणाच्या बाजूचा नाही, मी पेन्शनवर आहे. फक्त सांगतोय. आता त्या खणात पडलेलं पत्र पोचायचं का, असं विचारशील, तर बहुतेक नाही पोचायचं."

"मग उपयोग काय त्याचा?"

"आमचं टेबल स्वच्छ दिसायचं."

बाईंना हे उत्तर कुठल्या बाजूचं हेच कळेना, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. दुरुस्तीच्या धंद्यात एक रीत असते. मशिनीतून काढलेला सुटा भाग लगेच फेकायचा नाही. तो खोक्यात ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा, की हे बघा, हे तुमच्या मशिनीतून निघालं. भाचीनं मंच बांधताना बाईंनी हीच रीत तिथंही लावून घेतली होती. कापलेलं प्रत्येक वाक्य एका बंद जागेत साठत जायचं. तारीख, नाव, धागा, सगळ्यासकट. ती जागा फक्त बाईंना दिसायची आणि तिलाही त्या खोकाच म्हणायच्या. अकरा वर्षांत त्या खोक्यात तेवीसशेच्या वर वाक्यं जमली होती. बाईंनी ठरवलं, त्यातली शंभर निवडायची आणि सगळ्यांपुढे ओतायची. बघा म्हणावं, हा कचरा मी रोज उचलते. याला विभाग पाहिजे तुम्हाला?

मतदानाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाइकांची वेळ नसताना, त्या दुकानात खोका उघडून बसल्या.

कचरा म्हणावा तर भलताच मासलेवाईक निघाला. एकानं मोटारीच्या आवाजाचं वर्णन करताना सासूच्या घोरण्याचा दाखला दिला होता. एकीनं लिहिलं होतं की मशिनीवर मांजर झोपते आणि तिला उठवायला मन होत नाही, तर दुरुस्ती पुढच्या आठवड्यात. एकानं सलग चार वेळा आपल्या दाढदुखीचं लिहिलं होतं आणि पाचव्यांदा दाढ काढल्याची बातमी दिली होती. बाई मान हलवत एकेक वाक्य वहीत उतरवत होत्या. चांगला पुरावा जमत होता.

मग त्यांना वाटलं, नुसत्या हौशी लोकांची वाक्यं दाखवली तर मास्तर म्हणतील, नवखे असतात, चालायचंच. जुन्या, शिस्तीच्या माणसाचीही दाखवायला हवीत. आणि त्यांना बॉबिनदादा आठवले.

बॉबिनदादा हे मंचाचं भूषण होतं. जुन्या मशिनींत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दहा वर्षं हा माणूस तीन प्रश्नांच्या बाहेर एक अक्षर लिहीत नव्हता. कुणाला उत्तर द्यायचं तर दोन ओळी, आणि त्या दोन ओळींत मशीन चालू. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता, खरं नावही ठाऊक नव्हतं. पण नव्या सभासदाला त्या सांगायच्या, लिहायचं तर दादांसारखं लिहा. आणि हाच माणूस गेल्या काही महिन्यांत बिघडला होता. मजकुराच्या शेवटी काहीबाही जोडायला लागला होता. बाईंनी तेही कापलं होतं, जरा जास्तच चिडून. महिनाभर तर ते मंचावर फिरकलेच नव्हते.

त्यांनी खोक्यात दादांचं नाव टाकलं. पाच वाक्यं आली. पाचही एकाखाली एक.

'घरचे म्हणतात, हल्ली माझ्या हातून कप फार फुटतात. असो.'

'आज स्क्रू ड्रायव्हर दोनदा हातातून पडला. पूर्वी असं होत नव्हतं.'

'पहाटे उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर असतात. हात झटकला की जरा बरं वाटतं. कुणाला असं होतं का?'

'शर्टाचं वरचं बटण आज मुलीनं लावून दिलं.'

'टाइप करायला जड जातं. कुणाला सवड असेल तर फोन करा.' आणि पुढे नंबर.

बाईंनी पेन वहीवर टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. वहीवर शाईचा ठिपका वाढत गेला.

त्यांनी दादांचे गेल्या चार महिन्यांतले धागे उघडले. पाच मशिनी, पाच वेगळे धागे, नियमाप्रमाणे. पहिली मशीन टाके सोडते. सुईचा दांडा बसवला, स्क्रू आवळला, दादांच्या दुकानात चालली, आठवड्यानं गिऱ्हाइकाकडून परत आली. स्क्रू सैल, दांडा केसभर खाली. दुसरी मशीन, तेच. तिसरी, तेच. प्रत्येक धाग्यात दादांचं एक वाक्य होतं : 'स्क्रू मी पूर्ण आवळला होता.' आणि प्रत्येक धाग्यात दहा-बारा जाणकारांचे सल्ले. स्क्रूचे आटे झिजले असतील, नवा घाला. दांडा झिजला असेल, नवा घाला. मास्तरांनी तर दांड्याची चार चित्रं काढून पाठवली होती. खुद्द बाईंनी दोन धाग्यांत सल्ला दिला होता, आणि त्याच दोन धाग्यांतून दादांची ओळ कापली होती.

कारखान्यात त्यांनीच नव्या पोरींना शिकवलेलं होतं : एक मशीन बिघडली तर मशीन बघ, पाच बिघडल्या तर माणूस बघ. मशिनी पाच होत्या. पण त्या पाच कप्प्यांत होत्या, आणि माणूस सहाव्या कप्प्यात, ज्याची किल्ली एकट्या बाईंकडे होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

आणि दुखणं तरी काय अनोळखी होतं? मनगटात नस दबते, अंगठ्याचा जोर जातो, बोटं बधिर होतात. माणसाला वाटतं आपण पूर्ण जोर लावला, आणि लागलेला असतो अर्धाच. कारखान्यात तीन बायकांना झालेलं बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघींनी वेळेवर छोटं ऑपरेशन करून घेतलं, दीड महिन्यात मशिनीवर परत आल्या. तिसरीनं अंगावर काढलं. तिला पुढं टाचणीही धरता येईना. मंचावर निम्म्या लोकांचं आयुष्य असल्या कारखान्यांत गेलेलं. 'कुणाला असं होतं का?' या प्रश्नाला तासाभरात वीस उत्तरं आली असती. तो प्रश्न तिथं नऊ मिनिटं राहिला होता. वेळ खोक्यात लिहिलेली होती.

बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून उभ्या राहिल्या, आणि दुकानाच्या मध्यावर उभं राहायचं नसतं हे विसरल्या. जिन्याची पायरी टाळूवर बसली. एरवी त्यांनी जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज नुसता हात चोळला आणि फोन उचलला.

पलीकडून मुलीचा आवाज आला. "बाबा आहेत, पण ते दुकानाचे फोन घेत नाहीत आता. दुकान बंद केलंय आम्ही."

"कधी?"

"वीस-बावीस दिवस झाले. तुमची मशीन राहिलीय का आमच्याकडं? हत्यारं न्यायला उद्या एक जण येणार आहे, पण मशिनी ज्याच्या त्याला परत देतोय."

"मशीन नाही. मंचावरून बोलतेय म्हणावं."

मुलीनं फोन आत नेऊन दिला. मग एक जाड, सावकाश आवाज आला. "बोला."

"दादा, मी..." बाईंनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, यांनाही आपलं नाव कुठं ठाऊक आहे. "मी मंच चालवते."

"कात्रीबाई?" आणि लगेच, घाबरून, "माफ करा हं, ते आपलं सगळे म्हणतात म्हणून..."

"मीच ती. दादा, आधी सांगा, उजव्या करंगळीला कधी मुंग्या येतात का?"

"करंगळीला? नाही. ती एकटीच शहाणी आहे."

"आणि अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा असतो, तो डाव्या हाताच्या मानानं सपाट झालाय?"

दादा हात बघत असावेत. "झालाय. तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी सांगितलं. नस, मनगट, कारखान्यातल्या तिघी, ऑपरेशन, सगळं एका दमात. सांगून झाल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे स्क्रू खरंच सैल राहत होता."

"हो."

"मला वाटलं, मला येईनासंच झालं. एवढे जाणते लोक सांगतायत, हे बदल, ते बदल, मी बदलतोय, आणि मशीन परत येतेय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं नको व्हायला. म्हटलं, उगाच लोकांच्या मशिनी बिघडवण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

"दादा, तुम्ही विचारलं होतं. कुणाला असं होतं का म्हणून. ते मी कापलं."

"बघितलं होतं मी."

"मग भांडला का नाहीत माझ्याशी?"

"भांडायचं काय त्यात? बरोबरच होतं तुमचं. मशिनीच्या जागेत मी आपलं रडगाणं लावलेलं." मग म्हणाले, "तो नियम ठरला तेव्हा मीही हो म्हटलं होतं, बाई."

बाईंना डोळ्यांतलं पाणी आवरेना, आणि रडत बोलणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. म्हणून त्या खेकसल्या. "ते उद्या हत्यारं न्यायला येणाऱ्याला आत्ता फोन करा आणि नको म्हणून सांगा. आणि उद्याच डॉक्टरकडं जा. मुलीला द्या फोन, तुमचा भरवसा नाही."

मुलीकडून त्यांनी कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून खात्रीही करून घेतली. डॉक्टरांनी निदान तेच केलं, तपासणी केली आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन उरकलं. त्या आठवड्यात बाईंनी मंचावर एक ओळ लिहिली नाही आणि एक ओळ कापली नाही. लोकांना वाटलं, बाई हरणार म्हणून रुसल्या.

मतदानाच्या शेवटच्या दिवशी मोजणी अटीतटीची होती. विभाग हवेत म्हणणारे सात मतांनी पुढं. भाचीनं फोन केला. "मावशी, तू तो कचरा दाखवणार होतीस ना? दाखवत का नाहीस? अजून वेळ आहे."

"दाखवणार आहे."

"किती वाक्यं निवडलीस?"

"पाच."

दुकानाचं दार ओढून घेऊन बाईंनी लिहायला घेतलं. दादांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. दादा म्हणाले होते, लिहा, फक्त मला बिचारा करू नका. बाईंनी लिहिलं :

'मतदान आज संपतंय. माझं मत "नको" होतं आणि आजही "नको"च आहे. कारण मात्र बदललं आहे. खाली बॉबिनदादांच्या पाच ओळी देते. त्यांच्या पाच धाग्यांत तेरा जणांनी सल्ले दिले, त्यात मीही होते. सगळ्यांनी मशीन बघितली. बिघाड दादांच्या मनगटात होता. तो त्यांनी लिहिला होता आणि मी अवांतर म्हणून कापला.

मास्तर, तुमचा तब्येतपाणी विभाग असता तर मी या ओळी कापल्या नसत्या, तिकडे हलवल्या असत्या. तिकडे लोक काळजी घ्या म्हणाले असते. इकडे आपण स्क्रू बदलत बसलो असतो. ओळ जिथं लिहिली, तिथंच ती लागू होती. म्हणून नवा विभाग नको. आणि माझी कात्रीही नको. यापुढं धागा काढताना तीन प्रश्नांखाली चौथा असेल : तुमचं काय चाललंय? ज्याला लिहायचं नसेल त्यानं कोरं सोडावं. सासूचं घोरणं लिहा, मांजर लिहा. मी वाचीन. हे मान्य नसेल तर विभागांना मत द्या, मी शब्द दिलाय, उद्या सकाळी विभाग उघडलेले असतील.

दादांचं ऑपरेशन झालं. बोटांतली बधिरता जाईल. अंगठ्याचा जोर पूर्ण परत येणार नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी दाखवलं असतं तर आला असता. ते तीन महिने माझ्या खोक्यात पडून होते.'

त्यांनी पुन्हा वाचलंही नाही. पाठवून दिलं आणि दार उघडलं. बाहेर एक बाई मशीन घेऊन ताटकळत उभी होती. बाईंनी ती मशीन आत घेतली, टेबलावर ठेवली, सवयीनं विचारलं, "कुठली आहे? होतंय काय? काय करून पाहिलंत?" मग शिकाऊ माणसानं विचारावं तशा अवघडून म्हणाल्या, "आणि तुमचं काय चाललंय?"

ती बाई दचकली, मग स्टुलावर बसली आणि पाऊण तास उठली नाही. बाईंनी सगळं ऐकलं. त्यात कामाचं काहीही नव्हतं.

संध्याकाळी निकाल लागला. विभाग अकरा मतांनी पडले. मास्तरांनी आपलं मत फिरवलं होतं आणि खाली एवढंच लिहिलं होतं : 'चार चित्रं काढून पाठवणारा मीच.' बाईंना जिंकल्याचा आनंद झाला नाही. यजमानांनी चहा पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि भाचीला फोन लावला.

"खोका रिकामा करायचाय," त्या म्हणाल्या.

"सोपं आहे मावशी. एक बटण दाबते, सगळ्या ओळी आपापल्या जागी परत. तेवीसशेच्या तेवीसशे."

"बटण नको. एकेक वाचून लावणार आहे मी."

"अगं, महिने जातील!"

"जाऊ देत. कुणी काही विचारलेलं आहे का, ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. हवापाणी होतं, ते जागेवर लावलं. एकाचं जावयावरचं गाऱ्हाणं होतं, तेही लावलं. एकविसावी ओळ घरच्या मशिनींच्या विभागातली होती, एका बाईची. तिनं पट्टा घसरतो म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर तिला तेव्हाच मिळालं होतं. त्यापुढं तिनं लिहिलं होतं, 'मला शिकवणारं इथं कुणी नाही, मी एकटीनं दुकान काढलंय, जमेल का हो मला?' ती बाई त्यानंतर मंचावर दिसलेली नव्हती.

भाचीनं नोंदणीतून नंबर काढून दिला. बाईंनी फोन लावला. नऊ-दहा वेळा वाजला. बाईंनी ठेवला नाही. अखेर कुणीतरी उचलला आणि एक अनोळखी, कामातून उठून आलेला आवाज म्हणाला, "हॅलो, कोण?"

"मी कात्रीबाई बोलतेय," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी तुम्ही एक विचारलं होतं."